वाय-फायचा सिग्नल एका दिशेला न्यायचा असेल तर: बायक्वाड अँटेना स्वतः बनवताना

राउटर एका इमारतीत आणि वापरणारा समोरच्या शेडमध्ये, गोदामात किंवा मागच्या खोलीत, अशा ठिकाणी दिशादर्शी अँटेना कामाला येतो. पण अँटेना शक्ती तयार करत नाही, एवढं आधी पक्कं करून घ्या. राउटर जेवढी शक्ती देतो तेवढीच तो एका बाजूला ढकलतो आणि बाकीच्या बाजूंची कमी करतो. त्यामुळे घरभर सगळीकडेच सिग्नल कमी पडत असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. राउटर मध्यावर आणा किंवा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. एका ठरावीक ठिकाणी सिग्नल पोहोचवायचा असेल तर पुढे वाचा. इथे बनवायचा बायक्वाड म्हणजे तारेचे दोन चौकोन आणि त्यांच्या मागे धातूची पाटी असलेला दिशादर्शी अँटेना.

इथली सगळी मापं २.४ गिगाहर्ट्झ बँडसाठी आहेत. ५ गिगाहर्ट्झला याच अँटेनातल्या चौकोनाची बाजू साडेतेरा मिलिमीटरच्या आसपास येते. पहिल्याच प्रयत्नात तिथे जाऊ नका.

१. आधी मोजा

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. डीबीएममध्ये (एक मिलिवॉटशी तुलना करून डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये, मोजलेली शक्ती) आकडा दाखवणारं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या आणि जिथे सिग्नल हवा तिथे उभं राहून आकडा लिहून ठेवा. आकडा उणे असतो. −५० उत्तम. −६५ ते −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. −७० ला काम भागतं. −८० च्या खाली जोडणी सुटायला लागते.

मोजताना चारही दिशांना तोंड करून एकेक आकडा घ्या. तुमचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी. राउटरकडे पाठ केली की आकडा सहज पाच-सात डीबीने पडतो.

आकडा −६० आहे आणि तरीही वेग मिळत नाही? मग दोष सिग्नलचा नसून गर्दीचा आहे. चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा आणि आठवडाभर बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि तार वाकवायची वेळच येत नाही.

२. कागदावर हिशेब करा

मोकळ्या हवेतली घट काढायचं सूत्र सोपं आहे: अंतर किलोमीटरमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घ्या, दोन्हींचे लॉगरिदम (पाया १०) प्रत्येकी २० ने गुणा, त्यांची बेरीज करून त्यात ३२.४४ मिळवा. चॅनल ६ म्हणजे २४३७ मेगाहर्ट्झला १०० मीटरवर घट येते सुमारे ८० डीबी, ५०० मीटरवर ९४ डीबी. अंतर दुप्पट झालं की ६ डीबी वाढतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

उदाहरण: राउटर २० डीबीएम देतो, त्याचा मूळ अँटेना २ डीबीआयचा, समोरच्या यंत्राचाही २ डीबीआयचा. (डीबीआय म्हणजे अँटेनाचा लाभ: सगळीकडे सारखी शक्ती सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत एका दिशेला मिळणारी वाढ.) ५०० मीटरवर पोहोचतं २० + २ − ९४ + २ = −७०. एका टोकाला १० डीबीआयचा अँटेना लावला की −६२. दोन्ही टोकांना लावला तर −५४.

हा आकडा फक्त मोकळ्या रेषेचा. विटांची एक भिंत ढोबळमानाने ५ ते १० डीबी खाते, सळ्यांचं काँक्रीट त्याहून बरंच जास्त, आणि पत्र्याच्या भिंतीपुढे अँटेनाची मात्रा चालत नाही. ओली पानं हा वेगळाच ताप. कोरड्या दिवसांत चाललेली जोडणी पावसाळ्यात बंद पडते ती त्यांच्यामुळे.

नुसती सरळ रेषा मोकळी असूनही भागत नाही. रेषेभोवती फुगलेला एक पट्टा मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५०० मीटरच्या जोडणीत मधोमध त्याची त्रिज्या जवळपास ३.९ मीटर असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे २.३ ते २.४ मीटर, अडथळ्याविना हवा. १०० मीटरला पूर्ण त्रिज्याच पावणेदोन मीटर असल्याने तिथे एवढा त्रास होत नाही.

३. कोणता अँटेना?

नवशिक्याने बायक्वाडच बनवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले आणि मागे धातूची पाटी. लाभ १० ते ११ डीबीआय. बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, ५०–६० अंश रुंद, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी चालतं.

यागी दिसायला सोपा वाटतो. उदा आणि यागी या जपानी अभियंत्यांनी तो १९२६ मध्ये मांडला आणि टीव्हीच्या काळात घराघरावर चढला. पण २.४ गिगाहर्ट्झला त्याच्या काड्या पाच-सहा सेंटिमीटरच्या होतात आणि प्रत्येक काडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक जमत गेली की लाभ कुठल्या कुठे जातो.

डब्याचा अँटेना बनवायला हरकत नाही, पण हाताला लागेल तो डबा उचलू नका. १७५.७ ला डब्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. उत्तर गिगाहर्ट्झमध्ये येतं आणि त्याच्या खालची लहर डब्यातून जातच नाही. ७३ मिलिमीटरच्या डब्याला ही हद्द २.४०७ येते, म्हणजे नेमकी बँडच्या तोंडावर. चिप्सच्या उंच अरुंद नळकांड्यांनी अनेकांची निराशा केली ती याच कारणाने. डबा ८५ ते ९० मिलिमीटरचा हवा.

बाजारात हातभर काडीवर "२० डीबीआय" असं छापलेलं दिसलं तर क्षेत्रफळाचा हिशेब आठवा. सपाट अँटेनाचा कमाल लाभ म्हणजे ४ गुणिले π गुणिले क्षेत्रफळ भागिले तरंगलांबीचा वर्ग. एक तरंगलांबी बाजूच्या चौकोनी पाटीला तो १२.६ पट, म्हणजे ११ डीबीआय येतो. बायक्वाडची पाटी नेमकी तेवढीच असते. आकार न वाढवता लाभ वाढवल्याचा दावा कोणी केला तर तो बाजूला ठेवा.

४. साहित्य

• भरीव तांब्याची तार, २.५ चौरस मिलिमीटर छेदाची (व्यास सुमारे १.८ मिलिमीटर), ३० सेंटिमीटर. वायरिंगच्या केबलमधली चालते, पण अनेक धाग्यांची नको.
• पाटीसाठी एका बाजूने तांबं असलेला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा पत्रा) किंवा पितळी पत्रा, १२३ × १२३ मिलिमीटर.
• आरजी-४०२ सेमी-रिजिड केबल (बाहेरून तांब्याची नळी असलेली) किंवा तिचाच हाताने वाकणारा प्रकार, एका टोकाला एसएमए (आट्यांचा छोटा) कनेक्टर बसवलेला तयार तुकडा, १०–१५ सेंटिमीटर. बाहेरचा व्यास ३.६ मिलिमीटर.
• ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, फ्लक्स. २५ वॉटचं चालणार नाही, तांब्याची पाटी सगळी उष्णता ओढून घेते आणि डाख (सोल्डरचा जोड) थंड राहतो.
• चौकोनी कडेची पक्कड, व्हर्निअर, बारीक मार्कर, कानस, ३.६ मिलिमीटरचं ड्रिल.
• प्लास्टिकचे दोन १५ मिलिमीटर उंचीचे टेकू.

साध्या आरजी-५८ केबलवर हा अँटेना बांधता येतो, पण तिची जाळी सोलून सोल्डर करताना आतलं प्लास्टिक वितळतं आणि शॉर्ट होतो. सेमी-रिजिडच्या आत टेफ्लॉन असतं. ते उष्णता सोसतं आणि बाहेरचं तांबं थेट पाटीला डाखता येतं.

५. तार वाकवणे

इथे घाई करू नका. २४४० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १२२.९ मिलिमीटर, तिचा चौथा भाग ३०.७. जोडांची आणि वळणांची सूट धरून बाजू ३०.५ घ्या. आठ बाजूंची मिळून २४४ मिलिमीटर.

तारेवरचं आवरण पूर्ण काढा. प्लास्टिक राहिलं तर लहर तारेवर हळू चालते आणि अँटेना खालच्या वारंवारतेला सरकतो. तार लाकडी फळीवर दुसऱ्या फळीखाली लाटून सरळ करा. मग एका टोकापासून ३०.५, ६१, ९१.५, १२२, १५२.५, १८३, २१३.५ आणि २४४ वर खुणा करा. प्रत्येक माप त्याच टोकापासून घ्या. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर चूक साठत जाते.

पहिल्या सात खुणांवर काटकोनी वळणं. पहिली तीन एकाच बाजूला, चौथं उलट बाजूला, नंतरची तीन पुन्हा पहिल्याच बाजूला. शेवटी तारेची दोन टोकं मध्यभागी एकत्र येतात आणि चौथं वळण त्यांच्या समोर उभं राहतं. या दोहोंत २ ते ३ मिलिमीटरची फट ठेवा. केबल इथेच जोडायची आहे.

खूण पक्कडीच्या कडेवर न येता वळणाच्या मधोमध आली पाहिजे. जाड तार वळताना गोलाई घेते आणि खूण कडेला धरली की बाजू अर्धा-पाऊण मिलिमीटरने लांबते. तपासायची रीत अशी: चौकोन पूर्ण झाला की समोरासमोरच्या दोन बाजूंवर व्हर्निअर लावा. बाहेरून बाहेर ३२.३ आणि आतून आत २८.७ मिलिमीटर यायला हवं, म्हणजे तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३०.५. बाजूत १ मिलिमीटरची चूक वारंवारतेत सुमारे ८० मेगाहर्ट्झची चूक करते, आणि अख्खा बँड आहे २४०० ते २४८३.५. बायक्वाडचा पट्टा बँडपेक्षा रुंद असल्याने अर्धा मिलिमीटर तो पोटात घालतो. १ मिलिमीटरला बिनसायला लागतं.

दोन्ही चौकोन एका पातळीत हवेत. काचेवर ठेवून बघा. तार डगमगली तर हाताने दाबून सपाट करा.

६. पाटी आणि जोडणी

पाटीच्या बरोबर मध्यावर ३.६ मिलिमीटरचं भोक पाडा. केबलची पुढची दोन-तीन मिलिमीटर आतली तार उघडी करा, मागच्या बाजूने केबल आत सारा आणि तांब्याच्या बाजूला तिचं बाहेरचं आवरण पाटीपासून १५ मिलिमीटर वर येईल असं धरा. भोकाभोवती गोल सोल्डर करा. अर्धाच भाग जोडला तर केबलच्या बाहेरच्या अंगाने प्रवाह वाहतो आणि हात लावला की सिग्नल बदलतो. हे लक्षण दिसलं की दोष कुठे आहे ते शोधायला नको.

आता तारेची दोन एकत्र आलेली टोकं केबलच्या बाहेरच्या आवरणाला डाखा आणि समोरचं चौथं वळण आतल्या तारेला. उलट जोडलं तरी चालतं, दोन्ही एकमेकांना चिकटलं तर मात्र नाही. मल्टिमीटरने शॉर्ट बघायला जाल तर थोडं चक्रावाल: तार पूर्ण वळसा घालून परत येते, म्हणून डीसीला हा अँटेना कायमच शॉर्ट दिसतो. तार डाखण्याआधी केबल एकटी तपासा. तेव्हा मात्र शॉर्ट दिसता कामा नये.

चौकोनांची टोकं लोंबू नयेत म्हणून टेकू लावायचे ते सर्वांत बाहेरच्या दोन कोपऱ्यांनाच. तिथे व्होल्टेज जवळपास शून्य असतं, प्लास्टिकचा परिणाम नगण्य. वरच्या-खालच्या कोपऱ्यांना व्होल्टेज सर्वाधिक असतं. तिथे गरम गोंदाचा गोळा चिकटवलात तर मोजून-मापून केलेलं काम बिघडतं. तार सगळीकडे पाटीपासून १५ मिलिमीटरवर आहे ना, ते चारही बाजूंनी तपासा.

दुसऱ्या वारंवारतेसाठी हाच नमुना हवा असेल तर मेगाहर्ट्झच्या आकड्याने ७५,००० ला भागून बाजू काढा, ३,००,००० ला भागून पाटी आणि ३७,००० ला भागून तार व पाटीतलं अंतर. उत्तर मिलिमीटरमध्ये. १८०० मेगाहर्ट्झला बाजू ४१.७, पाटी १६७ आणि अंतर साडेवीस.

७. तपासणी

नॅनोव्हीएनए (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते मोजणारं छोटं यंत्र) मिळाला तर सोनं. पण मूळ नॅनोव्हीएनए दीड गिगाहर्ट्झपर्यंतच मोजतो. व्ही-२ आवृत्ती ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, ती घ्या. ओपन, शॉर्ट आणि लोड ही तीन टोपणं लावून कॅलिब्रेशन करताना ते केबलच्या शेवटच्या टोकाला करा, यंत्राच्या तोंडाशी नाही. अँटेनाचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून तुम्ही मागे उभे राहा.

एस-११ च्या (परत येणाऱ्या शक्तीच्या) आलेखात खड्डा दिसेल. तो २३५० ला आला तर तार लांब झाली आहे, नवी वाकवताना बाजू सुमारे १ मिलिमीटरने कमी करा. खड्डा योग्य जागी पण उथळ असेल तर तार आणि पाटीतलं अंतर १३ ते १८ मिलिमीटरच्या दरम्यान हलवून बघा. लांबी खड्ड्याची जागा ठरवते, अंतर मुख्यतः त्याची खोली.

पूर्ण बँडभर −१० डीबी मिळाले की थांबा. त्या स्थितीत १० टक्के शक्ती परत येते, म्हणजे तोटा अर्ध्या डीबीहून कमी. −२० गाठण्यासाठी दोन दिवस घालवणारे लोक नंतर दोन मीटर जास्तीची केबल लावून चौपट घालवतात.

यंत्र नसेल तर मूळ अँटेना आणि हा, दोन्ही एकाच जागी लावून दहा-दहा आकड्यांची सरासरी काढा. ६ ते ८ डीबीची वाढ दिसली तर काम बरोबर आहे.

८. केबल आणि कनेक्टर: सगळ्यात जास्त सिग्नल इथे मरतो

२.४ गिगाहर्ट्झला आरजी-५८ दर मीटरला जवळपास १ डीबी खाते, बारीक आरजी-१७४ त्याहून बरीच जास्त. एलएमआर-२०० सुमारे ०.५५ आणि एलएमआर-४०० सुमारे ०.२२. मूळ अँटेना २ डीबीआयचा होता, तुमचा १० चा, म्हणजे कमाई ८. पाच मीटर आरजी-५८ लावली की त्यातले ५ गेले. शहाणपणाचा मार्ग एकच: राउटर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट अँटेनाजवळ न्या आणि लांब अंतर इथरनेटने कापा. इथरनेट १०० मीटरपर्यंत चालते, आणि पीओई असेल तर वीजही त्याच तारेतून जाते.

राउटरवर बहुधा आरपी-एसएमए (एसएमएचाच, पिन आणि भोक अदलाबदल केलेला प्रकार) असतो आणि तुमच्या केबलवर साधा एसएमए. दोघांचे आटे सारखेच, त्यामुळे ते एकमेकांवर घट्ट बसतात, पण दोन्हीकडे भोकच असेल तर मधली पिन कुठेच टेकत नाही. सिग्नल थोडा येतोही, म्हणून दोष लवकर सापडत नाही. विकत घेण्याआधी दोन्ही तोंडांत डोकावून पिन कुठल्या बाजूला आहे ते बघा. वाय-फाय कार्डावरचे यू.एफएल (दाबून बसणारे बारीक) कनेक्टर तर साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतेच बनवलेले असतात. त्यांच्याशी खेळू नका. अँटेना बदलताना राउटर बंद ठेवा.

राउटरला दोन-तीन अँटेना असतील तर एकच बदलून पूर्ण फायदा मिळत नाही, कारण तो सगळ्यांवरून बोलतो. दोन बायक्वाड लावा, एक उभ्या आणि एक आडव्या पोलरायझेशनचा (पोलरायझेशन म्हणजे लहर उभी हलते की आडवी ती दिशा). आणि ड्युअल-बँड राउटरवर आधी तपासा: एकाच कनेक्टरमधून दोन्ही बँड जात असतील तर बायक्वाड लावताच ५ गिगाहर्ट्झ लंगडा होईल.

९. परवानगीची मर्यादा

बहुतेक देशांत अँटेनासह एकूण प्रसारित शक्तीवर मर्यादा असते. युरोपात २.४ गिगाहर्ट्झला ती १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम. तिथे १० डीबीआयचा अँटेना लावल्यावर राउटरची शक्ती १० डीबीएमवर आणावी लागते. आपल्या देशाचा नियम आधी वाचा. शक्ती कमी केली तरी अँटेना वाया जात नाही, कारण ऐकण्याची बाजू मूळ २ डीबीआयच्या अँटेनापेक्षा पूर्ण ८ डीबी मजबूत राहते. फोन तसाही राउटरपेक्षा हळू आवाजात बोलतो, म्हणून बऱ्याच जोडण्या तुटतात त्या परतीच्या वाटेवर. अ‍ॅम्प्लिफायरने फक्त आपला आवाज वाढवून ही अडचण सुटत नाही.

१०. उभारणी आणि नेम

दोन चौकोन शेजारी-शेजारी, म्हणजे आडवा पडलेला आठ, असे ठेवले की पोलरायझेशन उभं असतं. एकावर एक ठेवले की आडवं. मधल्या फटीच्या ज्या दोन बाजूंना केबल जोडली ती वर-खाली आहेत की डावी-उजवी, यावरून ओळखा. समोरच्या राउटरची काडी उभी असेल तर तुमचा आठ आडवा हवा. ४५ अंशाचा फरक ३ डीबी खातो, ९० अंशाचा कधीकधी २० डीबीपर्यंत.

नेम धरताना सर्वांत मोठा आकडा शोधत बसू नका. शिखर सपाट असतं, पाच-दहा अंश इकडेतिकडे केलं तरी आकडा तोच राहतो. अँटेना डावीकडे फिरवत आकडा ३ डीबीने पडतो तिथे खूण करा, मग उजवीकडे फिरवून तशीच दुसरी. दोन्हींच्या मधोमध रोखा. प्रत्येक हालचालीनंतर पाच-सहा सेकंद थांबा, अ‍ॅपमधला आकडा उशिरा बदलतो.

बाहेर लावायचा असेल तर प्लास्टिकचा डबा मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तपासून घ्या. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. रिकामा डबा आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवून अर्धा मिनिट चालवा. डबा स्वतः तापला तर तो तुमचा सिग्नलही खाणार. काळ्या प्लास्टिकवर विशेष संशय घ्या, त्यात कार्बन असू शकतो. डब्याच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोक ठेवा, कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. उंच खांबावर लावत असाल तर खांबाचं अर्थिंग आणि केबलवर लाइटनिंग अरेस्टर (विजेचा धक्का जमिनीकडे वळवणारं साधन) हवाच. वादळात केबल हाताळू नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच जागी उभं राहून पुन्हा मोजा. पानं सुकल्यावरही ३ डीबीपेक्षा जास्त घट राहिली तर तार आणि पाटी तपासण्याआधी कनेक्टर उघडून आत ओल आहे का ते बघा.